लॉकचे पैसे गुलामांच्या व्यापारात होते, मग त्याच्या हक्कांच्या विचाराचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. राज्यशास्त्राच्या पुस्तकांत ‘लॉकमुळे अमेरिकेचं स्वातंत्र्य, माँतेस्क्यूमुळे सत्ताविभाजन, रूसोमुळे फ्रेंच राज्यक्रांती’ असं सरळसोट लिहिलेलं असतं. पुढे तुमच्या वाचनात आलं की इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉकने स्वतः गुलामांच्या व्यापारात पैसे गुंतवले होते आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात ‘सर्व माणसं समान आहेत’ असं लिहिणाऱ्या जेफरसनकडे शेकडो गुलाम होते. मग युरोपातल्या सतराव्या-अठराव्या शतकांतल्या ज्ञानोदय काळातल्या (एनलाइटनमेंट) या विचारवंतांचा राज्यकारभारावर आणि मानवी हक्कांवर खरंच काही प्रभाव पडला, की हे सगळं मागाहून केलेलं कौतुक आहे? आणि परीक्षेत यावर प्रश्न आला तर नेमकं काय लिहायचं?

मी पदवीच्या वर्गांना पाश्चात्त्य राजकीय विचार शिकवते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. तुम्ही वाचलंत ते खरं आहे. लॉकने १६७० च्या दशकात गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत पैसे घातले होते. अमेरिकेतल्या कॅरोलिना वसाहतीच्या मालकांचा तो सचिव होता. तिथल्या १६६९ च्या मूलभूत नियमावलीच्या मसुद्यात त्याचा हात होता आणि तिच्यात प्रत्येक स्वतंत्र माणसाला आपल्या निग्रो गुलामांवर संपूर्ण सत्ता देणारं कलम होतं. जेफरसनने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसं गुलाम म्हणून बाळगली. यावर पांघरूण घालणारं उत्तर मी वर्गात चालू देत नाही.

पण तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. हे लोक बोलले तसे वागले का, हा एक. त्यांनी जे मांडलं ते पुढे कुणाच्या आणि कशा कामी आलं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बऱ्याच वेळा ‘नाही’ असंच येतं. पण त्यावरून दुसऱ्याचं उत्तर निघत नाही. त्यासाठी कागद उघडावे लागतात: एखादं वाक्य कोणत्या जाहीरनाम्यात शिरलं, तिथून कोणत्या कायद्यात गेलं, कोणत्या माणसाने त्याच्या बळावर दाद मागितली आणि न्यायालय काय म्हणालं. मी विद्यार्थ्यांना विचारवंतांची यादी पाठ करायला सांगत नाही. एक वाक्य धरायचं आणि त्याच्या मागे मागे जायचं. असं केलं की प्रभाव कुठे आहे, कुठे नाही आणि कुठे अर्धवट आहे, ते आपोआप दिसायला लागतं.

लॉकचंच वाक्य घेऊ, कारण तुमचा राग त्याच्यावर आहे. शासनावरचा त्याचा ग्रंथ १६८९ च्या अखेरीस निनावी छापला गेला. त्यातला मुद्दा असा की निसर्गतः सगळी माणसं समान आणि स्वतंत्र आहेत, म्हणून कुणी कुणाच्या जीविताला, स्वातंत्र्याला, मालमत्तेला धक्का लावू नये. आता ८४ वर्षं पुढे, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीतल्या शेफील्ड गावात या. जानेवारी १७७३ मध्ये गावातल्या प्रतिष्ठितांनी ब्रिटिश सरकारच्या कारभाराविरुद्ध ठराव लिहिले. पहिल्याच ठरावात लॉकचा मुद्दा जवळपास जसाच्या तसा आहे: निसर्गावस्थेत माणसं समान, स्वतंत्र आणि एकमेकांपासून मोकळी असतात, आणि आपलं जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता निर्वेधपणे उपभोगण्याचा त्यांना हक्क आहे. हे ठराव कर्नल जॉन अ‍ॅश्ली यांच्या घरी तयार झाले. त्याच घरात ‘मम बेट’ या नावाने ओळखली जाणारी एक काळी स्त्री गुलाम म्हणून राबत होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. मालकिणीने एकदा चुलीतलं तापलेलं फावडं उगारलं ते दुसऱ्या मुलीवर, बेट मध्ये पडली आणि तो घाव तिच्या हातावर बसला. तो व्रण ती पुढे आयुष्यभर झाकत नसे.

१७८० मध्ये मॅसॅच्युसेट्सची राज्यघटना लागू झाली. जॉन अ‍ॅडम्सने तिचा मसुदा केला होता आणि हक्कांच्या जाहीरनाम्यातलं पहिलंच कलम होतं: सर्व माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत. बेट थिओडोर सेजविक या वकिलाकडे गेली. शेफील्डचे ठराव करणाऱ्या समितीवर हाच सेजविक होता, हेही लक्षात ठेवा. अ‍ॅश्लींच्याच घरातल्या ब्रॉम नावाच्या दुसऱ्या गुलामासह तिने दावा लावला. ऑगस्ट १७८१ मध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या न्यायालयात ज्यूरीने निकाल दिला की हे दोघे अ‍ॅश्लींचे गुलाम नाहीत, आणि वर ३० शिलिंग भरपाई द्यायला लावली. अ‍ॅश्लींनी आधी अपील केलं, मग सोडून दिलं. पगारावर परत कामाला ये, असं त्यांनी तिला सांगून पाहिलं. ती गेली नाही. तिने एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतलं आणि सेजविकच्या घरी पगारावर काम धरलं. दोन वर्षांनी क्वॉक वॉकर या दुसऱ्या माणसाच्या प्रकरणात त्या राज्याचे मुख्य न्यायाधीश विल्यम कुशिंग यांनी ज्यूरीला स्पष्टच सांगितलं की आपल्या घटनेतल्या या कलमाशी गुलामगिरी विसंगत आहे. १७९० च्या पहिल्या जनगणनेत मॅसॅच्युसेट्समध्ये एकही गुलाम नोंदलेला नाही.

ही साखळी मला फार मोलाची वाटते. लॉकने हे वाक्य बेटसाठी लिहिलं नव्हतं. अ‍ॅश्लींनी तर ते स्वतःच्या करांच्या आणि जमिनींच्या तक्रारीसाठी वापरलं होतं. पण एकदा ते सर्वांसाठी म्हणून लिहिलं गेलं आणि घटनेत बसलं, की ‘सर्वांत मी येते का?’ हे विचारायची जागा तयार झाली. आणि ते विचारलं ते त्या घरातल्या सर्वांत खालच्या माणसाने. मानवी हक्कांच्या इतिहासात विचारवंताचं श्रेय आणि दाद मागणाऱ्याचं श्रेय वेगवेगळं लिहायला शिका. पाठ्यपुस्तकात पहिलंच छापलेलं असतं, दुसरं गळतं. माझ्या मते पुस्तकांतली मोठी उणीव ही आहे.

आता परिस्थितीवर काय अवलंबून होतं ते पाहा. व्हर्जिनियाने १२ जून १७७६ लाच असा जाहीरनामा केला होता, मॅसॅच्युसेट्सच्याही आधी. जॉर्ज मेसनचा मसुदा होता आणि त्यातही ‘सर्व माणसं निसर्गतः सारखीच स्वतंत्र’ असं होतं. तेव्हा सभेत आक्षेप आला की यामुळे गुलाम मोकळे होतील. मग त्यात ‘जेव्हा ती समाजात प्रवेश करतात तेव्हा’ एवढी पुस्ती जोडली गेली. गुलाम हे या समाजाचे घटकच नाहीत, अशी पळवाट त्या पाच-सहा शब्दांत होती. ३० वर्षांनी, १८०६ मध्ये, एका कुटुंबाच्या सुटकेचा खटला व्हर्जिनियाच्या वरिष्ठ न्यायालयापुढे आला. ती माणसं सुटली, कारण ती मूळ अमेरिकन वंशाची असल्याचं न्यायालयाला पटलं. पण खालच्या न्यायाधीशाने जाहीरनाम्यातल्या स्वातंत्र्याच्या कलमाचा जो आधार दिला होता, तो वरच्या न्यायालयाने नाकारला. विचार तोच, काळही जवळपास तोच. पण मॅसॅच्युसेट्सची शेती-उद्योगाची घडी गुलामांवर उभी नव्हती, व्हर्जिनियाची तंबाखूची शेती होती. म्हणून ‘लॉकचा प्रभाव पडला का?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. कुठे, कोणत्या कलमातून आणि कुणाच्या पोटावर पाय येत होता, हे सांगितल्याशिवाय ते उत्तर पोकळ राहतं.

दुसरा धागा शिक्षेचा आणि छळाचा. माझ्या दृष्टीने ज्ञानोदयाचं सर्वांत ठोस काम इथे आहे. तरी परीक्षेच्या उत्तरांत ते सर्वांत कमी येतं, म्हणून जरा थांबून सांगते.

१३ ऑक्टोबर १७६१ च्या रात्री दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझ शहरात झाँ कालास या कापडव्यापाऱ्याच्या घरी त्याचा मोठा मुलगा मृतावस्थेत सापडला. कालास कुटुंब प्रोटेस्टंट, शहर कट्टर कॅथलिक. मुलगा कॅथलिक होणार होता म्हणून बापानेच मारला, अशी वदंता पसरली. आत्महत्या करणाऱ्याच्या प्रेताची त्या काळी रस्त्यातून फरफट केली जात असे. त्या धास्तीने घरच्यांनी आधी सांगितलं की कुणीतरी खून केला, आणि नंतर कबूल केलं की तो लटकलेला सापडला. ही विसंगती त्यांच्या अंगाशी आली. तुलूझच्या पार्लमाँच्या, म्हणजे तिथल्या वरिष्ठ न्यायालयाच्या, १३ न्यायाधीशांपैकी ८ जणांनी मृत्युदंडाला मत दिलं. १० मार्च १७६२ ला साठी ओलांडलेल्या कालासचा आधी साथीदारांची नावं काढण्यासाठी छळ केला गेला. अंग ताणलं, घशात पाणी ओतलं. मग चाकावर बांधून त्याची हाडं मोडली. तो शेवटपर्यंत म्हणत राहिला की मी निर्दोष आहे.

आता ही यंत्रणा नीट समजून घ्या, नाहीतर फ्रेंच लेखक व्हॉल्तेअरने या प्रकरणात केलेलं काम नुसतं दयाळूपणाचं वाटेल. त्या काळच्या फ्रेंच फौजदारी पद्धतीत देहदंडासाठी ‘पूर्ण पुरावा’ लागे: दोन प्रत्यक्षदर्शी साक्षीदार किंवा आरोपीचा कबुलीजबाब. साक्षीदार नसतील तर हाती राही तो अर्धा पुरावा, आणि उरलेला अर्धा मिळवण्यासाठी छळ कायदेशीर होता. चौकशी बंद दाराआड, आरोपीला वकील नाही, निकालाची कारणं देण्याचं बंधन नाही. तुलूझमध्ये तर पाव आणि आठवा हिस्सा पुरावाही मोजला जातो, आणि आठ ऐकीव गोष्टी मिळून पूर्ण पुरावा तयार होतो, असं व्हॉल्तेअरने पुढे संतापून लिहिलं. स्वित्झर्लंडच्या सीमेजवळ राहणाऱ्या व्हॉल्तेअरला आधी कालास दोषी असावा असंही वाटलं होतं. मग त्याने धाकट्या मुलाला बोलावून खोदून विचारलं, कागदपत्रं मिळवली, पॅरिसमधल्या वजनदार लोकांना पत्रांमागून पत्रं लिहिली आणि १७६३ मध्ये सहिष्णुतेवरचा ग्रंथ काढला. ९ मार्च १७६५ ला राजाने नेमलेल्या न्यायाधीशांनी कालासला निर्दोष ठरवलं. तो गेल्याला तीन वर्षं झाली होती.

याच सुमारास, १७६४ मध्ये, मिलानचा २६ वर्षांचा चेझारे बेकारिया याने गुन्हे आणि शिक्षांवर एक छोटं पुस्तक निनावी छापलं. त्याचा युक्तिवाद मी वर्गात फळ्यावर लिहिते, इतका तो स्वच्छ आहे. गुन्हा एक तर सिद्ध झालेला असतो किंवा नसतो. सिद्ध झाला असेल तर कायद्याने ठरवलेली शिक्षा द्या, छळाची गरजच नाही. सिद्ध झाला नसेल तर तो माणूस कायद्याच्या लेखी निर्दोष आहे, मग निर्दोषाला छळण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? आणि छळातून सत्य बाहेर येत नाही. दणकट गुन्हेगार तो सोसून सुटतो, दुबळा निर्दोष माणूस कबुली देऊन मरतो. शिक्षा आधी लिहिलेल्या कायद्यानेच व्हावी, गुन्ह्याच्या प्रमाणात व्हावी, लवकर व्हावी, आणि त्या परिस्थितीत शक्य तितकी कमी व्हावी, असं तो सांगतो. मृत्युदंडालाही त्याने विरोध केला. त्याजागी सुचवलेली जन्मठेपेची सक्तमजुरी मात्र आज वाचताना अंगावर येते, तीही विसरू नये.

या पुस्तकाच्या पाऊलखुणा मोजता येतात. १७६६ मध्ये व्हॉल्तेअरने त्यावर भाष्य लिहिलं. त्याच वर्षी चर्चने ते निषिद्ध ग्रंथांच्या यादीत टाकलं. १७७० मध्ये बोस्टनच्या गोळीबारातल्या ब्रिटिश सैनिकांचा बचाव करताना जॉन अ‍ॅडम्सने न्यायालयात बेकारियाचं वाक्य वाचून दाखवलं. वर ज्याच्या मसुद्याचा उल्लेख आला तोच हा अ‍ॅडम्स. ऑस्ट्रियात १७७६ मध्ये छळ बंद झाला. फ्रान्समध्ये कबुलीसाठीचा छळ १७८० मध्ये आणि शिक्षेआधीचा छळ १७८८ मध्ये थांबला. इटलीतल्या तोस्कानाचा ग्रँड ड्यूक (शासक) लिओपोल्ड याने १७८६ मध्ये मृत्युदंडच रद्द केला, जरी काही वर्षांत तो काही गुन्ह्यांसाठी परत आला. आणि २६ ऑगस्ट १७८९ च्या मानवी हक्कांच्या फ्रेंच जाहीरनाम्याचं कलम ८ उघडा: कायद्याने अत्यावश्यक तेवढ्याच शिक्षा ठरवाव्यात आणि कृत्याच्या आधी जाहीर झालेल्या कायद्याशिवाय कुणाला शिक्षा होऊ नये. कलम ९: दोषी ठरेपर्यंत प्रत्येकाला निर्दोष मानावं. इथे बेकारियाचा आवाज ऐकू येतो, असं मी निःशंक म्हणते.

तरीही एक मर्यादा सांगायला हवी. प्रशिया या जर्मन राज्याच्या राजा फ्रेडरिकने छळ बहुतांशी बंद केला तो १७४० मध्ये, बेकारिया लिहिता होण्याच्या कितीतरी आधी. कायद्याच्या इतिहासाचे काही अभ्यासक दाखवतात की परिस्थितिजन्य पुराव्यावर सक्तमजुरीसारख्या शिक्षा देण्याची मुभा न्यायाधीशांना हळूहळू मिळत गेली होती. त्यामुळे कबुलीजबाबावाचून अडत नव्हतं आणि छळाची उपयुक्तता आतूनच कमी झाली होती. मला हे म्हणणं पटतं, पण पुरेसं वाटत नाही. गरज कमी झाली म्हणून एखादी क्रूर प्रथा आपोआप बंद पडत नाही. तिला लाजिरवाणी ठरवावं लागतं, आणि ते काम या लोकांनी केलं. उत्तरात दोन्ही बाजू लिहा.

हा धागा आपल्या घटनेपर्यंत येतो. कलम २०(१) वाचा: कृत्य करताना जो कायदा अमलात होता, त्याचा भंग झाल्याशिवाय शिक्षा नाही. कलम २०(३) सांगतं की आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायची सक्ती करता येणार नाही. पोलिसांपुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून न चालणं ही १८७२ च्या पुरावा कायद्यातली तरतूद नव्या साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. यातला प्रत्येक शब्द थेट बेकारियाकडून आला असं मी म्हणणार नाही. मधे इंग्लंडचा कायदा आहे, अमेरिकेची घटना आहे, आपल्याकडच्या वसाहती कारभाराचा अनुभव आहे. पण कबुलीसाठी मारहाण हा प्रश्न आपल्याकडे मिटलेला नाही. कोठडीतल्या मृत्यूंमुळेच सर्वोच्च न्यायालयाला डी. के. बसू प्रकरणात अटकेबाबतचे नियम घालून द्यावे लागले. हा विषय शिकवताना माझा आवाज चढतो, कारण तो अडीचशे वर्षांपूर्वीचा राहिलेला नाही.

माँतेस्क्यूबद्दल थोडक्यात. १७४८ च्या त्याच्या ग्रंथातलं इंग्लंडच्या घटनेवरचं प्रकरण गाजलं. पण त्याने रंगवलेलं इंग्लंड प्रत्यक्षातल्या इंग्लंडपेक्षा नीटनेटकं होतं, कारण तिथे मंत्री संसदेतच बसत होते. अमेरिकेने त्याचा विचार जास्त काटेकोरपणे उचलला. या विषयावर सगळे ज्याच्याकडे वळतात तो माँतेस्क्यूच, असं अमेरिकेच्या घटनेचा एक शिल्पकार मॅडिसन याने १७८८ मध्ये लिहिलं. तिथेच त्याने हेही बजावलं की तीन सत्ता एकमेकींना अजिबात स्पर्शच करणार नाहीत असा त्याचा अर्थ नव्हे. भारतात मंत्रिमंडळ विधिमंडळातूनच येतं. सत्ताविभाजनाचा आपल्याकडचा खरा आग्रह न्यायसंस्था वेगळी ठेवण्याचा आहे, तो कलम ५० मध्ये आहे. तेव्हा ‘भारताने माँतेस्क्यूचा सिद्धांत स्वीकारला’ असं एका वाक्यात लिहून मोकळे होऊ नका.

रूसोच्या बाबतीत एकच गोष्ट दाखवते. १७८९ च्या जाहीरनाम्याचं कलम ६ म्हणतं की कायदा म्हणजे सामूहिक ईहेची, म्हणजे सर्वांच्या मिळून असलेल्या इच्छेची, अभिव्यक्ती. ही कल्पना रूसोची. पण पुढे लगेच येतं: तो घडवण्यात सर्व नागरिकांना स्वतः किंवा आपल्या प्रतिनिधींमार्फत भाग घेण्याचा हक्क आहे. आता रूसोचा १७६२ चा ‘सामाजिक करार’ हा ग्रंथ उघडा. ईहेचं प्रतिनिधित्व होऊच शकत नाही, इंग्रज लोक स्वतःला स्वतंत्र समजतात पण ते फक्त निवडणुकीपुरतेच स्वतंत्र असतात, असं तो ठणकावून सांगतो. म्हणजे फ्रान्सच्या राष्ट्रसभेने एकाच कलमात रूसोची कल्पना घेतली आणि तिला रूसोलाच अमान्य असलेली पुस्ती जोडली. विचारवंत राज्यकारभारात शिरतो तो असा. कामाला येईल तेवढा घेतला जातो.

राजेलोकांनीही असंच केलं. रशियाच्या कॅथरीनने १७६७ मध्ये कायदे करण्यासाठी जी सूचनावली काढली, तिचा मोठा भाग माँतेस्क्यू आणि बेकारिया यांच्यातून उचललेला होता. भाषा इतकी पुढारलेली की फ्रान्समध्ये ती सूचनावली छापायला मनाई झाली. आणि तिच्याच राजवटीत रशियातल्या भूदासांची, म्हणजे जमीनदाराच्या जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यांची, स्थिती आणखी बिघडली. मॅसॅच्युसेट्सशी तुलना करा: तिथे घटना होती, दाद मागायला न्यायालय होतं, बेट होती. रशियात राणीची मर्जी होती.

फ्रान्समध्ये तरी ‘सर्व’ म्हणजे कोण होतं? जाहीरनाम्यानंतर काही महिन्यांतच मताचा हक्क तीन दिवसांच्या मजुरीइतका कर भरणाऱ्या पुरुषांपुरता केला गेला. १७९१ मध्ये ऑलिंप द गूज या लेखिकेने त्या जाहीरनाम्याच्या धर्तीवर स्त्रियांचा जाहीरनामा लिहिला. स्त्रीला वधस्तंभावर चढण्याचा हक्क असेल तर व्यासपीठावर चढण्याचाही असायला हवा, हे त्यातलं दहावं कलम. दोन वर्षांनी तिला गिलोटिनखाली मारलं. काँदॉर्से या फ्रेंच विचारवंताने १७९० मध्येच स्त्रियांच्या नागरिकत्वाची बाजू मांडली होती, पण फ्रेंच स्त्रियांना मत मिळालं ते १९४४ मध्ये. आणि साँ-दोमिंग, म्हणजे आजचं हैती: फ्रान्सच्या त्या वसाहतीत सुमारे पाच लाख गुलाम उसाच्या आणि कॉफीच्या मळ्यांत राबत होते. ऑगस्ट १७९१ मध्ये त्यांनी उठाव केला. दोन वर्षांनी तिथल्या फ्रेंच अधिकाऱ्याने उत्तर भागात गुलामगिरी संपल्याचं फर्मान काढलं. त्याचं पहिलंच कलम होतं की मानवी हक्कांचा जाहीरनामा छापून सगळीकडे लावावा. ४ फेब्रुवारी १७९४ ला पॅरिसने ते मान्य केलं. हे पॅरिसच्या मनाच्या मोठेपणातून घडलं नाही. बंडखोरांच्या हातात शस्त्रं होती आणि इंग्लंड-स्पेनशी युद्ध चालू होतं. नेपोलियन बोनापार्टने १८०२ मध्ये गुलामगिरी परत आणली तेव्हा हैतीचे लोक पुन्हा लढले आणि १ जानेवारी १८०४ ला स्वतंत्र झाले.

महाराष्ट्राशी याचा खरा दुवा आहे, ओढून ताणून जोडलेला नाही. जोतीराव फुल्यांनी तरुणपणी ज्ञानोदय काळातल्याच थॉमस पेन या इंग्रज लेखकाचं माणसाच्या हक्कांवरचं पुस्तक वाचलं होतं. १८७३ ची ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामांना दास्यातून मुक्त केलं त्यांना अर्पण केली. बेटने केलं तेच त्यांनी केलं: दुसऱ्याच्या भांडणात घडलेला विचार उचलून आपल्या इथल्या दास्याला लावला. पण इथे एक सावधगिरी बाळगा. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी आंबेडकरांनी फ्रेंच राज्यक्रांतीतून घेतली, असं सर्रास लिहिलं जातं. १९५४ च्या आकाशवाणीवरच्या भाषणात त्यांनी हे स्वतः खोडून काढलं आणि आपण ही तत्त्वं बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतल्याचं सांगितलं. त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांवर मान्य करा. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जागतिक जाहीरनाम्यातही सगळं युरोपचं नव्हतं. त्याच्या पहिल्या कलमात केवळ पुरुषवाचक वाटणारी शब्दयोजना बदलून ‘सर्व मानव’ असं यावं, हा आग्रह भारताच्या हंसा मेहता यांनी धरला होता.

परीक्षेचं म्हणाल तर सगळे विचारवंत चार-चार ओळींत बसवायचा मोह सोडा. प्रस्तावनेत दोन प्रश्न वेगळे करा: विचारवंताचं वागणं आणि विचाराची वाटचाल. मग एकच साखळी नीट उलगडा. लॉक ते शेफील्ड ते एलिझाबेथ फ्रीमन, किंवा कालास ते बेकारिया ते कलम २०. तिच्या शेजारी व्हर्जिनिया किंवा कॅथरीनचं विरुद्ध उदाहरण ठेवा आणि फरक का पडला ते सांगा. बाकीच्यांना एकेक वाक्य पुरे. वाचायला सुरुवात मोठ्या ग्रंथांनी करू नका. १७८९ च्या जाहीरनाम्यात फक्त १७ कलमं आहेत, ती एका बैठकीत होतात. शेजारी आपल्या घटनेचा तिसरा भाग (मूलभूत हक्क) उघडा ठेवा आणि प्रत्येक कलमापुढे पेन्सिलीने लिहा की हे कोणत्या तक्रारीवरचं उत्तर आहे. त्यानंतर बेकारियाचं पुस्तक घ्या, ते छोटं आहे. लॉक आणि रूसो मग वाचलेत तरी चालेल.